व्हान्येक अर्बुद

पचनमार्गाच्या भिंतीत, श्लेष्मल आवरणाच्या (आतल्या ओलसर अस्तराच्या) लगेच खालच्या थरात उद्भवणारे एक विरळ व सौम्य (कर्करोग नसलेले) अर्बुद, म्हणजे गाठ. आजच्या वैद्यकीय लिखाणात ते बहुधा ‘इन्फ्लमेटरी फायब्रॉइड पॉलिप’ या नावाने येते. ते जठराच्या शेवटच्या भागात सर्वाधिक आढळते आणि त्याखालोखाल लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, म्हणजे शेषांत्रात. मोठे आतडे व अन्ननलिका येथे क्वचितच. जठरातले अर्बुद बहुतेक वेळा दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या एंडोस्कोपीत योगायोगाने दिसते. आतड्यातले मात्र अडथळा निर्माण करून रुग्णाला शस्त्रक्रियेपर्यंत आणते, म्हणून येथे मुख्यतः त्याचाच विचार केला आहे. रुग्ण बहुधा चाळिशी ओलांडलेले असतात. स्त्री-पुरुष दोघांतही ते आढळते.

उत्पत्तीविषयीचे वाद : जर्मन शल्यविशारद कोन्येट्झ्नी यांनी १९२० च्या सुमारास अशाच एका गाठीचे वर्णन केले होते असे सामान्यतः मानले जाते. तथापि स्वतंत्र विकृती म्हणून तिची मांडणी चेक विकृतिवैज्ञानिक योसेफ व्हान्येक यांनी १९४९ मध्ये केली. जठरातील या गाठींत इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींचा भरणा दिसल्याने त्यांनी तिला कणार्बुद (ग्रॅन्युलोमा, म्हणजे दाहातून बनलेली पेशींची गाठ) म्हटले. इओसिनोफिल म्हटले की ॲलर्जी किंवा जंत हा तर्क ओघानेच येतो, आणि पुढची काही दशके तो टिकून राहिला. त्याला बळ मिळाले ते नेदरलँड्समधून. कच्च्या किंवा कमी खारवलेल्या हेरिंग माशातील जंतामुळे आतड्याला तीव्र सूज येते, हे व्हान थील व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० मध्ये दाखवले. त्या विकारालाही इओसिनोफिली कणार्बुद म्हटले जाऊ लागल्याने जुन्या वाङ्मयात दोन्हींची सरमिसळ झालेली आहे. त्या काळातील रुग्णवृत्ते वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते. वस्तुतः जंतविकारात आतड्याची भिंत पसरट सुजते आणि जंताचे अवशेष सापडू शकतात. व्हान्येक अर्बुदात जंत सापडत नाही, आणि रक्तातील इओसिनोफिलही बहुधा वाढलेले नसतात.

हेल्विग व रॅनिअर यांनी १९५३ मध्ये आजचे रूढ नाव दिले. आतड्याच्या आवरणाला झालेल्या एखाद्या इजेवर भिंतीने दिलेली अतिरेकी प्रतिक्रिया, म्हणजे दाहाचाच एक प्रकार, अशी समजूत त्या नावातून पक्की झाली. तिच्याशी न जुळणारी पहिली ठळक नोंद १९८४ ची. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील एका कुटुंबात तीन पिढ्यांत अशा अनेक गाठी झाल्या आणि काढल्यावर पुन्हा उद्भवल्या. निव्वळ इजेने याचा उलगडा होत नाही.

या गाठीतील पेशी नेमक्या कोणत्या, हा दुसरा प्रश्न. तंतुजनक पेशी, रक्तवाहिनीभोवतीच्या पेशी, मज्जातंतूच्या आवरणातील पेशी अशी निरनिराळी उत्तरे दिली गेली. पुढे सीडी३४ हे प्रथिन या पेशींवर सापडू लागले. २००४ मध्ये वृक्षिकापेशींचे (डेंड्रिटिक, म्हणजे रोगप्रतिकार यंत्रणेतील एक प्रकारच्या पेशी) मत पुढे आले आणि अलीकडे टेलोसाइट या आतड्याच्या भिंतीतील पेशीकडे बोट दाखवले जाते.

खरा बदल घडला तो २००८ मध्ये. शिल्डहाउस व त्यांच्या सहकाऱ्यांना या गाठींत पीडीजीएफआरए या जनुकातील उत्परिवर्तने आढळली. पचनमार्गातील ‘गिस्ट’ या अर्बुदाच्या काही प्रकारांत हेच जनुक बिघडलेले असते, हे त्याआधी २००३ मध्ये समजले होते. पाठोपाठ २००९ मध्ये लासोटा व सहकाऱ्यांनी लहान आतड्यातील ६० गाठी तपासल्या. त्यांपैकी निम्म्याहून अधिक गाठींत हा बदल होता. आतड्यातील गाठींत तो बहुधा जनुकाच्या बाराव्या एक्झॉनमध्ये (एक्झॉन म्हणजे जनुकाचा एक खंड), तर जठरातील गाठींत अठराव्यात असतो. सर्वच गाठींत तो सापडत नसल्याने दाहवाद पूर्णपणे निकालात निघाला असे म्हणता येत नाही. तरीही डेव्हन कुटुंबाची हकीकत व जनुकाचा पुरावा एकत्र धरता हे खरेखुरे अर्बुद आहे आणि इओसिनोफिलांचा भरणा दुय्यम आहे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. नावातला दाह मात्र तसाच राहिला आहे.

स्वरूप : गाठ बहुधा २ ते ५ सेंमी. असते, क्वचित बरीच मोठी. ती आतड्याच्या पोकळीत गोलसर फुगून येते. कापल्यावर आतून फिकट करडी-पांढरी व किंचित ओलसर दिसते. टोकावरचे आवरण पुष्कळदा घासून व्रण पडलेला असतो. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही टोकांना निमुळत्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांभोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या रचलेल्या दिसतात. ही ठेवण ओळखीची खूण होय. जठरातील गाठींत ती अधिक स्पष्ट असते, आतड्यातील गाठींत कधीकधी दिसतही नाही.

निदान : थांबून थांबून येणारी पोटातील कळ, उलट्या आणि मग आपोआप पडणारा आराम असा क्रम काही महिने चालू शकतो. व्रणातून थोडे थोडे रक्त जाऊन रक्तक्षयही होतो. पुढे आतड्याच्या हालचालीबरोबर गाठ खाली ओढली जाते आणि वरचे आतडे खालच्या आतड्यात शिरते (इन्टससेप्शन). हा प्रकार मुख्यतः लहान मुलांचा. प्रौढांचे प्रमाण सुमारे ५ टक्केच. पण मुलांत त्यामागे बहुधा गाठ नसते, तर प्रौढांत बहुतेक वेळा काहीतरी असतेच. सीटी स्कॅनवर आतड्याच्या आडव्या छेदात एकात एक वर्तुळे दिसली की आतडे शिरल्याचे निदान पक्के होते. गाठ कसली हे मात्र त्यावरून ठरत नाही. अपवाद वसार्बुदाचा : चरबीची घनता सीटीवर स्पष्ट कळते.

भारतात शेषांत्राच्या शेवटी अडथळा म्हटले की आधी आतड्याच्या क्षयाचा विचार होतो, आणि ते योग्यच आहे. क्षयात भिंत जाड होऊन मार्ग अरुंद होतो, शेजारच्या लसीका गाठी वाढतात व त्यांचा मध्य गळलेला दिसतो. पोकळीत सुटी उभी असलेली गुळगुळीत गोल गाठ क्षयाच्या चित्रात सहसा बसत नाही.

गिळण्याचा कॅमेरा (कॅप्सूल एंडोस्कोपी) २००० साली जाहीर झाला आणि २००१ मध्ये जपानच्या हिरोनोरी यामामोतो यांनी दोन फुग्यांच्या एंडोस्कोपीची माहिती प्रसिद्ध केली. त्याआधी लहान आतड्याचा मधला भाग शस्त्रक्रियेवाचून डोळ्यांनी पाहणे फार अवघड होते. मात्र अडथळ्याचा संशय असताना कॅप्सूल देऊ नये, ती तिथेच अडकू शकते. एंडोस्कोपीतून घेतलेल्या वरवरच्या तुकड्यात बहुधा निरोगी आवरण किंवा व्रणाचा तळच येतो, कारण गाठ खालच्या थरात असते. म्हणून पक्के निदान जवळजवळ नेहमी गाठ काढल्यानंतरच होते.

शस्त्रक्रिया : शिरलेले आतडे आधी सोडवावे की तसेच कापावे, याविषयी शल्यविशारदांत मतभेद आहेत. लहान आतड्याचा रंग चांगला असेल तर ते हलक्या हाताने सोडवावे, कारण त्यामुळे कापावी लागणारी लांबी कमी होते. हे करताना खालच्या बाजूने गाठ मागे ढकलत न्यायची असते; वरून ओढल्यास भिंत फाटते. आतडे काळे पडले असल्यास न सोडवता सलग काढतात. यानंतर आद्यांत्राच्या (जठराला लागून असलेल्या लहान आतड्याच्या पहिल्या भागाच्या) टोकापासून शेषांत्रापर्यंत संपूर्ण लहान आतडे बोटांतून सरकवत दुसरी गाठ नाही ना हे चाचपतात. मग दोन्ही बाजूंना थोडे निरोगी आतडे ठेवून गाठीचा भाग कापला जातो आणि टोके टाक्यांनी किंवा स्टेपलरने जोडली जातात. नुसती गाठ सोलून काढणेही शक्य असते, पण शस्त्रक्रियेच्या टेबलावर ती सौम्य असल्याची खात्री नसल्याने तुकडा कापणेच पसंत केले जाते. शेषांत्राचे शेवटचे टोक शक्यतो राखतात, कारण ब१२ जीवनसत्त्व तेथेच शोषले जाते. दुर्बिणीतून आतडे मोकळे करून छोट्या छेदातून बाहेर काढण्याची पद्धतही रूढ आहे. आद्यांत्रातील लहान गाठ एंडोस्कोपीतूनच काढता येते.

एकटी गाठ पूर्ण निघाली की ती सहसा पुन्हा होत नाही व पुढे औषधांची गरज राहत नाही. अडचण येते ती तिला गिस्ट समजल्यास, कारण गिस्टच्या रुग्णाला कधीकधी इमॅटिनिब हे कर्करोगविरोधी औषध वर्षानुवर्षे घ्यावे लागते. पीडीजीएफआरएचा बदल आणि सीडी३४ दोन्ही अर्बुदांत सापडू शकतात, त्यामुळे केवळ जनुकचाचणीवर विसंबता येत नाही. गिस्टमध्ये बहुधा सीडी११७ किंवा डॉग१ ही प्रथिने असतात, व्हान्येक अर्बुदात ती नसतात.