एक बोलतच सुटतं, एक तोंड उघडत नाही: प्रॉब्लेम स्वभावाचा आहे का?

हल्ली डेटिंग अ‍ॅपवर उंची, नोकरी आणि त्याखाली स्वभावाचा टाइप सांगणारी चार अक्षरं असतात, आयएनएफजे, ईएनटीपी वगैरे. पत्रिकेतले ३६ गुण गेले आणि १६ टाइप आले, जुळवाजुळव तीच. हे टाइप ठरवणारी मायर्स-ब्रिग्ज टेस्ट कॅथरीन ब्रिग्ज आणि इझाबेल मायर्स या अमेरिकन मायलेकींनी मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगच्या १९२१ च्या पुस्तकावरून बेतली, दोघींपैकी एकीचंही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण नव्हतं, आणि महिन्याभराने परत टेस्ट दिलीत तर टाइप वेगळाही निघू शकतो. टाइमपास म्हणून ठीक आहे हो, पण त्यावरून स्थळ नाकारू नका.

संशोधक जास्त वापरतात ते बिग फाइव्ह, म्हणजे स्वभाव मोजायची दुसरी पद्धत. त्यात माणसाला एका खोक्यात टाकत नाहीत, पाच गुण कमीजास्त मोजतात. त्यातला पटकन चिडण्याचा, सतत काळजी करण्याचा गुण नात्याला जड जातो हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. पण 'तो घुम्या, ती बडबडी, यांचं कसं व्हायचं' याला फारसा आधार नाही. २०२० मध्ये सामंथा जोएल, पॉल ईस्टविक आणि बऱ्याच संशोधकांनी मिळून ११,१९६ जोडप्यांचा डेटा मशीन लर्निंगला घातला, तर आपल्याला जोडीदाराची कदर आहे का, जोडीदार हे नातं टिकवणार असं वाटतं का, असल्या गोष्टींवरून समाधानाचा अंदाज बऱ्यापैकी बांधता आला, आणि त्यात जोडीदाराच्या स्वभावाची माहिती घालून जवळपास काहीच फरक पडला नाही.

मग अडतं कुठे? हे बघा.

"गणपतीला गावी जायचंय ना? तिकिटं काढ की."
"बघू."
"बघू काय, वेटिंग लागेल!"
तो मोबाइल उघडतो. तिचा आवाज चढतो. तो उठून गॅलरीत जातो.

ती जितकी मागे लागते तितका तो पळतो, आणि तो जितका पळतो तितकी ती मागे लागते, आणि दोघांनाही वाटतं सुरुवात समोरच्याने केली. मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू क्रिस्टेन्सन यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलंय. १९९० च्या त्यांच्या अभ्यासात बायकोला बदल हवा असलेला विषय काढला की ती मागे लागायची आणि नवरा गप्प व्हायचा, पण नवऱ्याने त्याला हवा तो विषय काढला की हा फरक दिसेनासा व्हायचा. म्हणजे 'पुरुष असेच असतात' हे पूर्ण खरं नाही, ज्याला आहे तसं चाललेलं बरं वाटतं तो विषय टाळतो.

आणि गप्प बसलेला माणूस आतून शांत असतोच असं नाही. जॉन गॉटमन आणि रॉबर्ट लेव्हेन्सन या मानसशास्त्रज्ञांनी जोडप्यांना अंगाला सेन्सर लावून भांडायला बसवलं, तेव्हा नाडी मिनिटाला १०० च्या वर गेलेली माणसं बाहेरून दगडासारखी दिसायची, ऐकण्या-समजण्याच्या अवस्थेत मात्र नसायची. एकदा तर मशीन बिघडल्याचं सांगून त्यांना मध्येच थांबवलं, अर्धा तास मासिकं चाळायला दिली आणि परत बोलायला बसवलं, तर नाडी उतरलेली आणि बोलणंही बरंच नरम.

त्यामुळे "आत्ता नको" एवढंच म्हणून निघून जाण्यापेक्षा "जेवण झाल्यावर बोलू" असं सांगून जावं, आणि जेवण झाल्यावर विषय त्यानेच काढावा. तेवढा वेळ दारावर टकटक न करणं हे तिच्याकडचं काम, आणि ते खरं जास्त अवघड आहे.