घोड्याच्या रक्तातलं लोह जातं कुठं?

रंकाळ्यावर आणि पन्हाळ्यावर पर्यटकांना फिरवणारे घोडे, धनगरांचं बिऱ्हाड पाठीवर वाहणारी तट्टं, शर्यतीच्या गाडीची घोडी. कोल्हापूरच्या आसपास यातल्या कुणालाच गोचीड नवीन नाही. त्यातलं एखादं जनावर अचानक दाणा सोडतं, ताप १०४ अंशांच्या वर जातो, हिरड्या फिक्या नाहीतर पिवळ्या पडतात, कधी लघवी तांबूस होते. ‘रक्त कमी झालंय,’ असं मालक म्हणतो, आणि ते खरंच असतं. घोटाळा होतो तो त्यापुढच्या वाक्यात: ‘मग लोहाचं टॉनिक पाजूया.’

गोचिडीच्या लाळेतून घोड्याच्या रक्तात दोन परजीवी उतरतात, थायलेरिया इक्वी आणि बबेसिया कॅबाली. दोघेही तांबड्या पेशीत शिरून वाढतात आणि बाहेर पडताना ती पेशी फोडतात. रंगवलेल्या काचपट्टीवर बबेसिया जोडीनं, दोन नासपतींसारखा दिसतो. थायलेरियाचे चार ठिपके पेशीत फुलीसारखे मांडलेले सापडले, की तपासणाऱ्याला फार शोधावं लागत नाही. नुसत्या पिवळेपणावर मात्र भिस्त ठेवू नये. घोडा दोन दिवस उपाशी राहिला तरी पिवळा पडतो.

आता थोडा हिशोब. २०० किलोच्या तट्टाच्या अंगात साधारण १५ लिटर रक्त असतं. त्यातल्या हिमोग्लोबिनमध्ये मिळून ६ ग्रॅमच्या आसपास लोह असतं, म्हणजे ६,००० मिलिग्रॅम. प्रयोगशाळा जे ‘सीरम आयर्न’ मोजते ते पेशींबाहेरचं, जेमतेम १० मिलिग्रॅम. एवढ्याशा आकड्यावरून लोक लोहाची टंचाई ठरवतात.

पेशी फुटल्या तरी त्यांतलं लोह शरीर सहसा वाया जाऊ देत नाही. प्लीहा आणि यकृतातल्या भक्षक पेशी ते गोळा करतात आणि एरवी नव्या रक्तासाठी परत सोडतात. पण संसर्ग झाला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढवतं आणि ही कोठी कुलूपबंद होते. जंतूंनाही लोह लागतंच, त्यामुळे ते त्यांच्या हाती लागू नये यासाठीची ही जुनी युक्ती. म्हणून सीरममधलं लोह घटतं, कोठी मात्र भरलेलीच असते. उलट पेशी झपाट्यानं फुटत असतील तर हाच आकडा चढलेलाही दिसतो. एकाच रोगात दोन अहवाल परस्परविरोधी येतात ते यामुळे.

जस्ताचंही असंच. तापात यकृत ते ओढून घेतं, रक्तातली पातळी उतरते. तांबं बहुधा वर जातं, कारण तांबं वाहून नेणारं सेरुलोप्लाझ्मिन हे प्रथिन दाह असताना जास्त तयार होतं. जस्त खाली आणि तांबं वर, ही जोडी दिसली तर खुराकातली उणीव शोधण्याआधी दाहाचा विचार करावा. सेलेनियमची गोष्ट निराळी: पेशींची जळजळ आवरणाऱ्या एका विकराला ते लागतं, आणि परजीवींच्या हल्ल्यात तो विकर भरपूर राबतो.

नमुना नीट नसेल तर या सगळ्याला अर्थ नाही. मोटारसायकलच्या डिकीत हिंदकळत आलेल्या नळीत पेशी तिथंच फुटतात आणि लोह उगीच वाढलेलं दिसतं. साध्या नळीच्या रबरी बुचातून जस्त रक्तात उतरतं. त्यासाठी गडद निळ्या टोपणाच्या वेगळ्या नळ्या मिळतात. त्या मागून घ्याव्यात.

टॉनिकबद्दल माझं मत सरळ आहे: पशुवैद्यानं सांगितल्याशिवाय लोह नको. जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोय घोड्याच्या शरीरात जवळपास नाहीच. खुराकात किलोमागे ४० मिलिग्रॅम पुरतं आणि आपल्याकडच्या तांबड्या जांभ्या मातीची धूळ बसलेल्या चाऱ्यातून ते सहज मिळतं. सेलेनियम तर याहून नाजूक. २००९ साली अमेरिकेत फ्लोरिडाला २१ पोलो घोडे दगावले. त्यांना टोचलेल्या पूरक मिश्रणात सेलेनियमचं प्रमाण चुकलं होतं.

उपचार परजीवीवर हवा. इमिडोकार्बचं इंजेक्शन पशुवैद्यानंच द्यायचं, कारण त्यानं पोटशूळ उठू शकतो आणि गाढवांना ते जास्त बाधतं. ताप उतरला तरी थायलेरिया बहुतेक घोड्यांत जन्मभर राहतो. असा धडधाकट दिसणारा घोडा गोचिडीमार्फत दुसऱ्याला रोग देतो, आणि सगळ्या पागेला एकच सुई वापरली तर गोचिडीचीही गरज उरत नाही. खरारा करताना कानाच्या आत, आयाळीखाली आणि शेपटीच्या बुडाशी बोटं फिरवावीत. गोचीड बहुधा तिथंच सापडते.