छतावरचे जुने टेक्स्चर काढून छत सपाट करणे: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दिवाणखान्याच्या किंवा झोपण्याच्या खोलीच्या छतावर पूर्वी हौसेने करून घेतलेले खडबडीत टेक्स्चर, त्यावर नंतर चढलेले रंगाचे दोन-तीन थर आणि त्यात वर्षानुवर्षे साठलेली धूळ व कोळिष्टके यांना कंटाळून अनेक ग्राहक छत पुन्हा गुळगुळीत करून मागतात. हे काम आम्ही करतो. मात्र फोनवरून खोलीचे माप ऐकून त्याचा दर सांगत नाही. टेक्स्चर कशाचे आहे, ते कशावर बसले आहे आणि त्याच्या वर स्लॅबमध्ये काय चालले आहे, या तीन गोष्टी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय सांगितलेला दर एकतर आपल्याला महागात पडतो किंवा कारागिराला घाई करायला लावतो, असा आमचा अनुभव आहे.

टेक्स्चर कशाचे आहे, हे आधी पाहावे लागते

आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये छतावर साधारणपणे तीन प्रकारचे टेक्स्चर आढळते. पहिले पीओपीचे, म्हणजे ओल्या पीओपीवर कंगवा, ब्रश किंवा स्पंज फिरवून उठवलेली नक्षी. दुसरे तयार डब्यातले ॲक्रिलिक टेक्स्चर, ज्यात बारीक वाळू किंवा संगमरवराची चुरी असते आणि जे रोलरने किंवा पत्र्याने (पुट्टी लावण्याच्या व खरवडण्याच्या पातळ लोखंडी पट्टीने) लावलेले असते. तिसरे सिमेंट-वाळूचे, गिलावा करतानाच मुद्दाम खरबरीत ठेवलेले. खालून पाहताना तिन्ही सारखीच दिसतात, कारण वरचा रंग सगळ्यांना एकच कातडी चढवतो. काढताना मात्र तिघांचा स्वभाव वेगवेगळा असतो.

म्हणून आमचा माणूस पाहणीला येतो तेव्हा माळ्याच्या किंवा कपाटाच्या वर, सहज नजरेस न पडणाऱ्या कोपऱ्यात, वीतभर जागेवर चाचणी घेतो. प्रथम पत्र्याच्या टोकाने त्या जागेवर आडव्या-उभ्या खाचा पाडल्या जातात. हे आवश्यक असते, कारण प्लास्टिक पेंट किंवा ऑइलपेंटचा थर शाबूत असेल तर पाणी आत शिरतच नाही, आणि 'भिजवूनही सुटत नाही' असा चुकीचा निष्कर्ष निघतो. त्यानंतर कोमट पाण्यात बुडवलेला स्पंज तेथे काही वेळाने पुन्हा पुन्हा दाबला जातो. सुमारे पंधरा-वीस मिनिटांनी पत्रा आडवा धरून ढकलला असता पीओपी ओल्या खडूसारखे मऊ होऊन लगद्याच्या रूपात खाली येते. ॲक्रिलिक टेक्स्चरवर पाण्याचा फारसा परिणाम होत नाही. ते निघालेच तर चिवट पापुद्र्याने निघते, आणि अनेकदा आपल्याबरोबर खालची पुट्टीही घेऊन येते. सिमेंटचे टेक्स्चर जागचे हलत नाही, फक्त पत्र्याची धार जाते.

त्याच खाचेत खालचे थरही दिसतात. रंगाखाली जुना चुना किंवा भुकटी होणारे डिस्टेंपर निघाले, तर ते कठीण पृष्ठभाग लागेपर्यंत धुऊन काढल्याशिवाय आम्ही वर काहीही लावत नाही. चुन्यावर मारलेली पुट्टी पहिल्या वर्षी सुंदर दिसते आणि पुढे पोपड्यांनी सुटू लागते.

छताच्या वरची ओल

छताला ओल असेल तर टेक्स्चर काढण्याचे काम आम्ही पुढे ढकलतो, मग ग्राहकाला कितीही घाई असो. वरच्या मजल्याच्या बाथरूममधून पाणी झिरपत असेल, किंवा आपला फ्लॅट शेवटच्या मजल्यावर असून गच्चीचे वॉटरप्रूफिंग संपलेले असेल, तर नवीन पुट्टीवर काही महिन्यांतच पिवळसर डाग, फुगारे आणि पांढरा खार उमटतो. टेक्स्चरमध्ये हे डाग लपून राहतात. सपाट छतावर ते लगेच दिसतात, आणि दोष रंगाऱ्याच्या माथी येतो.

याहून गंभीर बाब सळयांची असते. स्लॅबच्या खालच्या सळईखाली काँक्रीटचे आवरण साधारण 15 ते 20 मिलिमीटरच असते. पाणी मुरून सळई गंजली की गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि हे आवरण खाली ढकलतो. पाहणीच्या वेळी आम्ही छतावर लाकडी मुठीने ठोकून पाहतो. भरीव छताचा आवाज खणखणीत येतो, सुटलेल्या गिलाव्याचा बद्द येतो. बद्द आवाजाचा भाग लहान असेल तर तेवढा गिलावा पाडून नवा करता येतो. सळईच्या रेषेत सरळ भेग गेलेली असेल किंवा गंजाचा तांबूस डाग दिसत असेल, तर ते काम रंगाऱ्याचे नव्हे, स्ट्रक्चरल इंजिनिअरचे आहे, आणि तसे आम्ही लेखी कळवतो. अशा छतावर चिपिंग मशीन चालवायला आम्ही नकार देतो.

ओलीची पाहणी भर पावसात करून घ्यावी, कारण तेव्हा गळती आपणहून दिसते. प्रत्यक्ष काम मात्र पाऊस संपल्यावर करणे चांगले. (सगळ्यांना दसरा-दिवाळीच्या आत घर हवे असते हे आम्ही जाणतो. तरीही ओलसर हवेत घाईने मारलेल्या रंगापेक्षा दिवाळीनंतर केलेले काम अधिक टिकते, हे सांगणे आम्हाला भाग आहे.)

खरवडावे की झाकावे?

ग्राहकांची कल्पना बहुधा अशी असते की टेक्स्चर खरवडले की खाली सपाट छत मिळेल. प्रत्यक्षात बऱ्याच घरांत टेक्स्चर लावलेलेच असते ते छताचा वाकडेपणा झाकण्यासाठी. खाली शटरिंगच्या फळ्यांचे सांधे, पंख्याच्या हुकाभोवतीचा उंचवटा, वायरिंगच्या पाइपसाठी फोडून बुजवलेले चर असे बरेच काही निघते. त्यामुळे खरवडणे हा अर्धाच खर्च असतो, उरलेला खर्च सपाटीचा असतो, हे अंदाजपत्रक वाचताना कृपया लक्षात घ्यावे.

पीओपीचे टेक्स्चर आम्ही सहसा भिजवून काढतो, कारण ते स्वच्छ निघते आणि धूळ जवळजवळ होत नाही. ॲक्रिलिक टेक्स्चर घट्ट बसलेले असेल, ठोकल्यावर कोठेही बद्द वाजत नसेल आणि त्याचे उंचवटे कमी असतील, तर ते काढण्याच्या फंदात न पडता फक्त वरची टोके घासून, पृष्ठभाग धुऊन, योग्य प्रायमर मारून त्यावर नवा थर देणे हेच आमच्या मते शहाणपणाचे असते. येथे जाडीचे गणित महत्त्वाचे ठरते. नेहमीची व्हाइट सिमेंट पुट्टी दोन हातांत मिळून दीड मिलिमीटरच्या आसपासच द्यायची असते. तीच पुट्टी चार-पाच मिलिमीटर खोल खळगे भरण्यासाठी थापली, तर ती वाळताना तडकते. खोल टेक्स्चरसाठी जाड थराला चालणारी भरड पुट्टी किंवा जिप्सम प्लास्टर वापरावे लागते, आणि बारीक पुट्टीचा हात त्यानंतर येतो. छतावर भार वाढतो म्हणून खालचा थर पक्का असल्याची खात्री झाल्याशिवाय हा मार्ग आम्ही सुचवत नाही.

सिमेंटच्या टेक्स्चरला बहुतेक वेळा झाकणे हाच उपाय असतो. ते फोडून काढण्याच्या नादात छताचा मूळ गिलावा, जो मुळात जेमतेम 6 मिलिमीटर जाड असतो, हमखास सुटतो.

जिप्सम बोर्डाचे फॉल्स सीलिंग लावून प्रश्नच मिटवावा, असेही काही जण सुचवतात. त्यात खोलीची उंची चार ते सहा इंचांनी कमी होते, पंख्याचा हुक व दांडा यांची वेगळी सोय करावी लागते, आणि वर गळती सुरू झाल्यास ती बोर्ड पिवळा पडेपर्यंत कळत नाही. शेवटच्या मजल्यावर आम्ही ते सुचवत नाही.

धूळ, जुना रंग आणि पत्रे

कोरडे टेक्स्चर ग्राइंडरने घासले की काम झपाट्याने होते, हे खरे आहे. पण वाळू असलेल्या टेक्स्चरच्या व सिमेंटच्या धुळीत सिलिकाचे अतिसूक्ष्म कण असतात. ते फुप्फुसात खोलवर जातात आणि वर्षानुवर्षे असे काम करणाऱ्या कारागिराला त्यातून सिलिकोसिस होऊ शकतो. हा आजार बरा होत नाही. म्हणून शक्य तेथे ओले खरवडणे, आणि मशीन वापरावेच लागले तर व्हॅक्यूम जोडलेलेच मशीन वापरणे, असा आमचा नियम आहे. कारागीर एन-95 मास्क व चष्मा घालतात. तोंडाला रुमाल बांधणे हा त्याला पर्याय आहे, असे एखाद्या ग्राहकाला वाटले तरी ते वाटणे बरोबर नाही.

घर जुने असेल आणि स्वयंपाकघराच्या किंवा बाथरूमच्या छतावर ऑइलपेंट असेल, तर अधिक काळजी घ्यावी लागते. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा) जास्त असू नये, हा नियम भारतात 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांत शिसे याहून बरेच जास्त असू शकते. असा रंग आम्ही कोरडा घासत नाही आणि हीट गनने जाळतही नाही. काम चालू असताना लहान मुले व गर्भवती स्त्रिया यांनी त्या खोलीपासूनच नव्हे, तर घरापासून दूर राहावे, अशी आमची विनंती आहे. रंग सोडवणारे तीव्र वासाचे रिमूव्हर छतासाठी आम्ही वापरत नाही, कारण ते डोक्यावरून ठिबकते आणि बंद खोलीत त्याच्या वाफा साठतात.

ब्रिटनमध्ये किंवा अन्यत्र राहणारे नातेवाईक कधीकधी ॲस्बेस्टॉसबद्दल विचारतात. ब्रिटनमधल्या जुन्या छतांवरच्या टेक्स्चरमध्ये खरोखरच पांढरे ॲस्बेस्टॉस मिसळलेले असे, आणि तेथे त्याच्या वापरावर 1999 मध्ये पूर्ण बंदी आली. त्यामुळे तिकडे नमुना प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय असे छत खरवडत नाहीत. आपल्याकडे ॲस्बेस्टॉस प्रामुख्याने भेटते ते सिमेंटच्या पत्र्यांत. बैठ्या घराचे, गॅलरीचे किंवा गच्चीवरच्या खोलीचे छत अशा पत्र्यांचे असेल आणि त्यावर थेट रंग किंवा टेक्स्चर मारलेले असेल, तर ते आम्ही घासत, खरवडत किंवा भोके पाडत नाही. फक्त त्याखाली स्वतंत्र सांगाड्यावर छत करून देता येते.

काम सुरू होण्यापूर्वी आणि नंतर

खोली शक्यतो पूर्ण रिकामी करावी. जे हलवता येत नाही ते आम्ही प्लास्टिकने झाकून चिकटपट्टीने बंद करतो, एसीचे घरातले युनिटही त्यात आले. छत भिजवायचे असल्याने त्या खोलीचा एमसीबी बंद ठेवावा लागतो आणि पंखा उतरवावा लागतो, म्हणून इलेक्ट्रिशियन पहिल्या दिवशी सकाळीच येतो. सोसायटीची परवानगी, कामाच्या वेळा आणि लिफ्टच्या वापराबद्दलचे नियम आपण आधी विचारून ठेवावेत. निघालेला राडारोडा गोण्यांत भरून आम्ही नेतो. तो सोसायटीच्या कचऱ्यात टाकता येत नाही, आणि त्याचा खर्च अंदाजपत्रकात वेगळा दाखवलेला असतो.

पुट्टी पूर्ण वाळल्यावर आणि प्रायमर मारण्यापूर्वी आम्ही आपल्याला एकदा बोलावतो. संध्याकाळी खोलीत अंधार करून भिंतीलगत टॉर्च धरायचा आणि प्रकाश छतावरून तिरपा टाकायचा. दिवसा न दिसणाऱ्या लाटा, पत्र्याच्या ओळी आणि खळगे तेव्हा उठून दिसतात. जेथे खटकेल तेथे पेन्सिलने गोल करावा, ते भाग आम्ही त्याच दरात दुरुस्त करतो. रंगाचे दोन हात झाल्यानंतर मात्र अशी दुरुस्ती ठिगळासारखी दिसते आणि पूर्ण छत पुन्हा रंगवावे लागते. आपण कडेने एलईडी पट्टी लावणार असाल तर हे पाहणीच्या वेळीच सांगावे, कारण तिरप्या उजेडासाठी सपाटी अधिक काटेकोर करावी लागते. अशा छताला चमकदार रंगाऐवजी मॅट रंगच घ्यावा.

पाहणीसाठी फोन करताना इमारत अंदाजे किती जुनी आहे, आपला मजला कोणता, छतावर शेवटचा रंग कोणता व केव्हा मारला, आणि गेल्या पावसाळ्यात डाग पडला होता का, एवढे सांगितल्यास आमचा माणूस त्याप्रमाणे घोडा (उभे राहून काम करण्याची घडवंची) व चाचणीचे साहित्य घेऊन येतो. खोलीचे माप तो तेथेच घेतो. बीमच्या बाजू छताच्या मापात धरलेल्या नसतात, त्या वेगळ्या मोजल्या जातात.