कलमकारीतला तांबडा रंग येतो कुठून?

कुतुबशाहीच्या काळात मछलीपट्टणमच्या बंदरातून कलमकारी कापड इराणला जायचं. फुलवेली, शिकारी, इराणी पोशाखातली माणसं, सगळं हाताने काढलेलं. गोवळकोंड्याचा १६४०-५० च्या सुमाराचा असाच एक रुमाल न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. पाहणाऱ्याला वाटतं, कारागिराने कलम रंगात बुडवून चित्र रंगवलं असेल. तांबड्याच्या बाबतीत तरी तसं नाही.

सुती धागा म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. तांबडा रंग देणारं अलिझारिन त्याला नुसतं चिकटत नाही, धुतलं की निघून जातं. म्हणून कापड आधी हिरडा आणि म्हशीच्या दुधात भिजवायचं. हिरड्यातलं टॅनिन हे तुरट द्रव्य धाग्याला धरून बसतं, दुधातल्या स्निग्धतेमुळे रेघ फुटत नाही. मग बांबूच्या कलमाने लावायचं ते तुरटीचं पाणी! ते दिसत नाही, म्हणून त्यात थोडा कच्चा रंग मिसळतात. त्यानंतर कापड चायवेर या वनस्पतीच्या, अलिझारिन असलेल्या मुळांबरोबर उकळलं, की तुरटीतलं ॲल्युमिनियम अलिझारिनला पकडतं आणि तेवढ्याच जागी पक्का तांबडा उमटतो. बाकीचे डाग शेणाच्या पाण्यात भिजवून उन्हात घालवायचे. कृष्णेच्या मुखाजवळच्या चुनखडीयुक्त जमिनीतल्या मुळांना फार मागणी असे, कारण या रंगाच्या संयुगात कॅल्शियमचाही वाटा असतो. रसायनशास्त्र न शिकता हे लोकांना कळलं होतं, याचं मला जास्त कौतुक वाटतं.

निळ्याची तऱ्हा उलटी. जिथे निळं नको तिथे मेण लावायचं आणि कापड नीळीत बुडवायचं. पिंपातून पिवळसर हिरवं निघालेलं कापड हवा लागताच निळं होतं. पानांसाठी या निळ्यावर पिवळा चढवत. तो कच्चा असल्याने उडून गेला आणि जुन्या कापडांवर आज निळी पानं दिसतात.

काळ्याची गोष्ट जरा वाईट आहे. गंजकं लोखंड गुळाच्या पाण्यात आंबवून केलेला द्राव हिरड्याच्या टॅनिनशी मिळाला की काळी रेघ उठते. पण तेच लोखंड पुढे शतकानुशतकं धाग्याच्या ऑक्सिडीकरणाला हातभार लावतं. त्यामुळे कित्येक नमुन्यांत तांबडं फूल शाबूत आणि त्याची काळी कड मात्र झडलेली असते. संग्रहालयं अशा कापडांवर प्रकाश मंद, साधारण ५० लक्सच (लक्स हे प्रकाश मोजायचं एकक) ठेवतात. उडणाऱ्या रंगांना त्याचा उपयोग होतो. लोखंडाचं काम मात्र अंधारातही चालतं, म्हणून हवेतला दमटपणाही सांभाळावा लागतो.