वर्ल्डस्पेस रेडिओ संच

वर्ल्डस्पेस रेडिओ संच : भूस्थिर कक्षेतील, म्हणजे पृथ्वीवरून आकाशात एकाच जागी दिसणाऱ्या, कृत्रिम उपग्रहाकडून थेट येणारे डिजिटल ध्वनिप्रक्षेपण ग्रहण करणारा, एका हाताने उचलून नेता येईल असा रेडिओ. हे संच १९९९ पासून आफ्रिकेत आणि २००० पासून आशियात वापरात आले. सर्वसामान्य श्रोत्याला दुकानातून विकत घेता येतील अशा सुवाह्य डिजिटल रेडिओ संचांच्या अगदी पहिल्या पिढीत त्यांची गणना करावी लागते. भारतात वर्ल्डस्पेस कंपनीची ही प्रक्षेपणसेवा ३१ डिसेंबर २००९ रोजी बंद झाली आणि तिच्याबरोबर या संचांचे मुख्य प्रयोजनही संपले.

डिजिटल रेडिओची कल्पना युरोपात आधी रुजली होती. ‘युरेका १४७’ या प्रकल्पातून १९८७ पासून ‘डॅब’ (डिजिटल ऑडिओ ब्रॉडकास्टिंग) ही डिजिटल ध्वनिप्रक्षेपणाची पद्धत विकसित होत गेली. नॉर्वेच्या राष्ट्रीय नभोवाणीने १ जून १९९५ रोजी आणि बीबीसीने त्याच वर्षी २७ सप्टेंबरला या पद्धतीने नियमित प्रक्षेपण सुरू केले. प्रक्षेपण सुरू झाले, पण ते ऐकायचे कशावर हा प्रश्न बरीच वर्षे तसाच राहिला. सुरुवातीचे डॅब संच मोटारीत बसवायचे किंवा दिवाणखान्यातील महागड्या संगीतयंत्रणेला जोडायचे होते. स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवता येईल असा संच ब्रिटनमध्ये ९९ पौंडांना मिळू लागला तो २००२ साली, ‘प्युअर इव्होक-१’च्या रूपाने. शिवाय ही पद्धत जमिनीवरील मनोऱ्यांवर अवलंबून असल्याने, जिथे मनोरे उभारायला पैसा नाही त्या देशांना तिचा उपयोग नव्हता. अशा देशांत दूरचे ऐकण्यासाठी लघुलहरी हेच साधन होते. लघुलहरींवरील आवाज रात्री एक, दिवसा एक असा बदलतो, मधूनच विरतो आणि शेजारच्या केंद्राची कुजबुज त्यात मिसळते.

ही उणीव भरून काढण्यासाठी इथिओपियात जन्मलेले वकील नोहा समारा यांनी १९९० मध्ये वॉशिंग्टन येथे वर्ल्डस्पेस ही कंपनी स्थापन केली. आफ्रिकेत एड्स पसरत असताना त्याविषयीची साधी माहितीसुद्धा लोकांपर्यंत पोचत नाही, हे जाणवल्यामुळे आपण उपग्रह रेडिओकडे वळलो, असे ते सांगत. १९९२ साली स्पेनमधील तोर्रेमोलिनोस येथे भरलेल्या जागतिक रेडिओ परिषदेने उपग्रहावरून ध्वनिप्रक्षेपण करण्यासाठी १,४५२ ते १,४९२ मेगाहर्ट्झ हा कंप्रतापट्टा (फ्रीक्वेन्सीचा पट्टा) राखून ठेवला आणि या योजनेला कायदेशीर आधार मिळाला. पुढे ‘आफ्रिस्टार’ हा उपग्रह २८ ऑक्टोबर १९९८ रोजी आणि ‘एशियास्टार’ २१ मार्च २००० रोजी, दोन्ही फ्रेंच गियानातील कुरू येथून एरियान अग्निबाणाने सोडण्यात आले. पहिला २१ अंश आणि दुसरा १०५ अंश पूर्व रेखांशावर स्थिरावला. ‘अमेरीस्टार’ हा तिसरा उपग्रह मात्र कधीच उडाला नाही.

या संचाची खरी गंमत त्याच्या आकाराशी निगडित आहे. उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर, आणि तिथून येणारा संकेत पकडायला घराच्या गच्चीवर मोठी थाळी नाही, तर तळहाताएवढा चपटा चौकोनी फलक पुरतो, हे त्या काळी नवलाचे होते. ते तीन गोष्टींमुळे साधले. एक म्हणजे प्रत्येक उपग्रह आपली शक्ती तीन ठरावीक झोतांत एकवटत असे. दुसरी गोष्ट कंप्रतेची. दीड गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींची लांबी सुमारे २० सेंटिमीटर असते, त्यांच्यासाठी लहान अँटेना पुरते आणि पावसाने त्या फारशा क्षीण होत नाहीत. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे ध्वनीचे संक्षेपण, म्हणजे तोच आवाज कमी माहितीत बसवणे. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेत घडलेली आणि पुढे ‘एमपी३’ या नावाने घरोघरी पोचलेली पद्धत येथे वापरली होती. आज ज्याला आपण एमपी३ गाणे म्हणतो, ते बहुतेक लोकांच्या हाती येण्याआधी या रेडिओतून आकाशमार्गे वाजत होते.

प्रक्षेपणाची रचना एखाद्या लांबलचक मालगाडीसारखी होती. एका वाहक लहरीवर प्रत्येकी १६ किलोबिट प्रतिसेकंद क्षमतेचे ९६ डबे एकापाठोपाठ एक जोडलेले असत, म्हणजे एकूण १,५३६ किलोबिट. वाहिनीचालकाने आपल्या गरजेप्रमाणे एक ते आठ डबे भाड्याने घ्यायचे. नुसत्या बोलण्याच्या कार्यक्रमाला एक डबा चालून जाई, बऱ्यापैकी संगीताला चार लागत, आणि आठ डबे, म्हणजे १२८ किलोबिट घेतले की आवाज कॉम्पॅक्ट डिस्कच्या जवळ जाई. संचातील चिप या गाडीतून श्रोत्याने निवडलेल्या वाहिनीचे डबे तेवढे वेगळे काढी, वाटेत झालेल्या चुका दुरुस्त करी आणि त्यांचा पुन्हा ध्वनी बनवी. आणखी एक सोय अशी, की वाहिन्यांचे संकेत एकत्र गुंफण्याचे काम खुद्द उपग्रहावर करता येत असे. त्यामुळे लहान देशातील नभोवाणी केंद्रालाही आपल्याच अंगणातल्या छोट्या थाळीवरून थेट उपग्रहाकडे कार्यक्रम पाठवणे शक्य होते.

संचातील चिपांची जोडी ‘स्टारमॅन’ या नावाने ओळखली जाई. ती एसजीएस-थॉमसन आणि जर्मनीतील आयटीटी इंटरमेटल या उत्पादकांकडे बनवून घेण्यात आली. पहिल्या पिढीतील संच हिताची, जेव्हीसी, पॅनासॉनिक आणि सान्यो या चार जपानी कंपन्यांनी बाजारात आणले. त्यांत उपग्रह पट्ट्याबरोबर मध्यमलहरी, लघुलहरी आणि एफएम हे नेहमीचे पट्टेही असत, म्हणजे खिशाला झळ लावून घेतलेली वस्तू एरवीही रेडिओ म्हणून उपयोगी पडे. झळ खरीच होती. सुरुवातीच्या किमती दोनशे डॉलरच्या वर होत्या, आणि ज्या गरीब श्रोत्यांसाठी ही योजना आखली होती त्यांच्या आवाक्याबाहेर होत्या. ‘सुवाह्य’ हे विशेषणही थोडे जपून वापरले पाहिजे. संच सेलवर चालत असला तरी साध्या ट्रान्झिस्टरपेक्षा तो वीज जास्त खाई, आणि घराघरांत तो अॅडॉप्टरला जोडलेलाच राही.

संच लावण्याची कृती ज्यांनी केली आहे त्यांना ती विसरता येणार नाही. अँटेनेचा फलक संचापासून सुटा करून वायरीने लांब नेता येई. मुंबईहून पाहिले असता एशियास्टार आग्नेयेच्याही थोडा पूर्वेकडे, क्षितिजापासून सुमारे ४७ अंश उंच असे, तर नागपूरहून तो जवळजवळ नेमक्या आग्नेयेला आणि ५० अंशांच्या थोडा वर असे. फलक खिडकीच्या कठड्यावर त्या दिशेला कलता ठेवायचा आणि संचाच्या पडद्यावरील संकेताच्या रेषा वाढेपर्यंत बोट-दोन बोटे इकडे-तिकडे सरकवत राहायचे. एकदा रेषा भरल्या, वाहिनीचे नाव पडद्यावर उमटले, की आवाज स्वच्छ येई, आणि त्यात खरखर नावालाही नसे. फलकासमोर कोणी येऊन उभे राहिले, तर मात्र आवाज हळू न होता एकदम थांबे. डिजिटल संकेत पुरेसा असला तर सगळे ऐकू येते, नाही तर काहीच नाही; मधली स्थिती फारशी नसतेच. ज्या घराला केवळ पश्चिमेच्या खिडक्या आहेत, किंवा आग्नेयेला उंच इमारत वा दाट झाड आहे, तिथे हा संच निरुपयोगी ठरे. चालत्या मोटारीत तो अखंड वाजण्यासाठी शहरांत जमिनीवरून तोच संकेत पुन्हा सोडणारी केंद्रे हवी होती. अमेरिकेतील उपग्रह रेडिओसेवांना तशी केंद्रे उभारता आली. भारतात त्यांचे जाळे कधी उभे राहिले नाही.

आफ्रिकेत या संचांनी संगीतापलीकडचे काम केले. दुर्गम भागांत हवामानाची माहिती पोचवण्यासाठी ‘रॅनेट’ या उपक्रमाने वर्ल्डस्पेसचा वापर केला. संच संगणकाला जोडला की आवाजाऐवजी मजकूर आणि चित्रे उतरवून घेता येत, आणि जिथे दूरध्वनीची तारही नाही अशा ठिकाणी ढगांची ताजी छायाचित्रे मिळत. या नोंदीत हा भाग थोडक्यात येत असला, तरी समारा यांच्या मूळ हेतूशी सर्वांत प्रामाणिक राहिलेला उपयोग हाच होता.

सेवेला श्रोते मात्र सर्वाधिक मिळाले ते भारतात. बंगळूर येथे भारतीय कार्यालय होते, बीपीएलसारख्या भारतीय नावाचे संच पुढे मिळू लागले, आणि ए. आर. रहमान यांना सेवेचा चेहरा म्हणून पुढे आणण्यात आले. येथे या सेवेचे यश समजून घ्यायचे तर त्या वेळच्या रेडिओकडे पाहावे लागते. २००१ नंतर खाजगी एफएम केंद्रे शहरांत आली, पण ती एकमेकांसारखी होती : ताजी हिंदी चित्रपटगीते, त्यांच्या मधोमध अखंड बडबड आणि जाहिराती. ज्याला दुसरे काही ऐकायचे होते त्याला आकाशवाणीवरील ठरावीक वेळेची वाट पाहावी लागे. वर्ल्डस्पेसने प्रत्येक आवडीला चोवीस तासांची वाहिनी दिली. ‘गंधर्व’वर हिंदुस्थानी शास्त्रीय संगीत, ‘श्रुती’वर कर्नाटक संगीत, ‘फरिश्ता’वर जुनी हिंदी गाणी, ‘फलक’वर गझला, ‘स्पर्श’वर कन्नड, ‘स्पंदना’वर तेलुगू. ‘सुरभि’ ही वाहिनी मराठीसाठी होती. दिवसरात्र मराठी गाणी, आणि तीही राज्याच्या सीमेत न अडकता, ही गोष्ट त्याआधी रेडिओवर नव्हती. एशियास्टारचा झोत साऱ्या देशावर पडत असल्याने बडोदे, इंदूर किंवा बंगळूर येथील मराठी घरालाही ‘सुरभि’ पुण्याइतकीच स्पष्ट ऐकू येई. मनोऱ्यांच्या रेडिओला हे साधणे अवघड होते. ‘गंधर्व’ हे नाव तर मराठी कानाला आपलेच वाटावे असे, आणि ज्या घरांत शास्त्रीय संगीत ऐकले जाते तिथे हा संच तेवढ्या एका वाहिनीसाठीही घेतला गेला.

या सुखाची किल्ली मात्र श्रोत्याच्या हाती नव्हती. प्रत्येक संचाला स्वतःचा क्रमांक होता, वाहिन्या कूटबद्ध होत्या, आणि वर्गणी भरल्यावर त्या क्रमांकाच्या संचाला ‘उघड’ असा आदेश उपग्रहावरूनच पाठवला जाई. वर्गणी संपली की तसाच संच बंद होई. साधा ट्रान्झिस्टर एकदा विकत घेतला की तो पूर्णपणे घेणाऱ्याचा होतो आणि प्रक्षेपण करणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. येथे मात्र संच घरात आणि त्याचा ताबा दूर कोठेतरी, अशी नवी व्यवस्था आली. डिजिटल प्रक्षेपणाने आवाजाच्या स्वच्छतेइतकाच आणलेला हा दुसरा बदल होता. त्या वेळी फार थोड्यांना तो जाणवला.

आर्थिक गणित सुरुवातीपासूनच जड होते. दोन उपग्रहांचा खर्च वर्गणीतून निघण्यासाठी श्रोत्यांची जी संख्या लागली असती तिच्या जवळपासही सेवा पोचली नाही. कंपनीने २००५ मध्ये अमेरिकेतील नॅसडॅक बाजारात समभाग विकून भांडवल उभे केले, पण ऑक्टोबर २००८ मध्ये तिला दिवाळखोरीच्या कायद्याखाली संरक्षण मागावे लागले. मालमत्ता घेऊ पाहणाऱ्याने भारतातील वर्गणीची सेवा घेण्यास नकार दिला, आणि २००९ च्या अखेरीस ग्राहकांना सेवा संपत असल्याचे कळवण्यात आले. अनेकांची पुढील काळाची वर्गणी भरलेली होती. १ जानेवारी २०१० रोजी संच चालू होते, फलक आग्नेयेकडेच वळलेले होते, पण वाहिन्यांची नावे पडद्यावर येईनाशी झाली. ज्या संचांत एफएम आणि मध्यमलहरींचे पट्टे होते, ते त्यानंतरही काही घरांत आकाशवाणी ऐकण्यासाठी वापरले गेले.