सरोवर प्रदेश, चिलीचा

दक्षिण अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात, अँडीज पर्वत आणि पॅसिफिक किनाऱ्यावरील डोंगररांग यांच्या मधल्या सखल पट्ट्यात व त्याच्या पूर्वेकडील पर्वतपायथ्याशी वसलेला, सरोवरे, ज्वालामुखी आणि सदाहरित अरण्ये यांसाठी प्रसिद्ध असलेला प्रदेश. तो स्थूलमानाने ३९° ते ४२° दक्षिण अक्षांशांदरम्यान येतो. प्रशासनाच्या दृष्टीने तो आराउकानिया, लोस रिओस (स्थापना २००७) व लोस लागोस या विभागांत विभागलेला आहे. त्यांपैकी ‘लोस लागोस’ या नावाचा अर्थच ‘सरोवरे’ असा असला, तरी बियारिका, कालाफ्केन, पांगीपुयी, रांको ही मोठी सरोवरे त्या विभागाबाहेर उत्तरेस आहेत. त्यामुळे विभागाचे नाव आणि सरोवर प्रदेश हे समानार्थी मानू नयेत. अँडीजपलीकडील अर्जेंटिनाचा नावेल वापी परिसर भूरचनेने याच प्रदेशाचा भाग आहे. मात्र प्रस्तुत नोंद मुख्यत्वे चिलीपुरती आहे.

सरोवरांची उत्पत्ती : अँडीजवरून पश्चिमेस उतरलेल्या हिमनद्यांनी पायथ्याशी खोल द्रोणी कोरल्या आणि आपल्यासोबत आणलेला दगडमातीचा भार टोकाशी टाकून हिमोढांचे कमानदार बांध घातले, या बांधांमागे पाणी साठून बहुतेक सरोवरे बनली. म्हणूनच त्यांचा पश्चिम काठ सखल व शेतीयोग्य, तर पूर्व टोक कड्यांमध्ये घुसलेले असते. येथील शेवटच्या हिमानी कालखंडाला यांकीवे सरोवरावरूनच ‘यांकीवे हिमनियन’ असे नाव आहे. सरोवराभोवती एकाबाहेर एक असलेल्या हिमोढरांगांवरून बर्फ अनेकदा पुढे सरकले व मागे हटले हे स्पष्ट होते. अखेरची माघार साधारणपणे १८,००० वर्षांपूर्वीच्या सुमारास सुरू झाली असावी. प्वेर्तो माँतजवळील माँते वेर्दे येथील मानवी वस्तीचे अवशेष सु. १४,५०० वर्षांपूर्वीचे मानले जातात. ही कालगणना सर्वमान्य नसली, तरी बर्फ हटल्यानंतर काही सहस्रकांतच येथे माणूस पोहोचला होता, या मताकडे बहुसंख्य अभ्यासकांचा कल आहे.

यांकीवे (क्षेत्रफळ सु. ८७० चौ. किमी.; खोली ३०० मी.पेक्षा अधिक) हे या प्रदेशातील सर्वांत मोठे सरोवर आहे; चिलीत ते दुसऱ्या क्रमांकाचे गणले जाते. त्याच्या पूर्वेचे, हिरव्या पाण्यासाठी ख्यातनाम असलेले तोदोस लोस सांतोस सरोवर एकेकाळी यांकीवेशी जोडलेले होते आणि ओसोर्नो व काल्बुको या ज्वालामुखींच्या लाव्ह्याने व राडारोड्याने ते वेगळे झाले, असे सामान्यतः मानतात. आजची जलवाहिन्यांची मांडणी या मताशी जुळणारी आहे. यांकीवे अगदी जवळ असूनही तोदोस लोस सांतोसचे पाणी त्यात जात नाही. ते पेत्रोवे नदीने दक्षिणेकडे वळून रेलोंकावी खाडीला मिळते, तर यांकीवेचे पाणी पश्चिमेस माऊयीन नदीने समुद्रास जाते. पेत्रोवेच्या धबधब्यांपाशी हा इतिहास डोळ्यांना दिसतो : ओसोर्नोच्या काळ्या लाव्हाखडकाला पाण्याने गुळगुळीत चरे पाडले असून त्यांतून हिरवट पाणी फेसाळत उतरते.

नामव्युत्पत्ती : यांकीवे, पेत्रोवे, पुयेवे, रिन्यीवे या नावांतील ‘-वे’ हा येथील मूळ रहिवासी मापुचे लोकांच्या मापुदुंगुन भाषेतील स्थलवाचक प्रत्यय आहे. पुयेवे म्हणजे ‘पुये’ या लहान माशांचे ठिकाण, याविषयी फारसा वाद नाही. यांकीवेचा अर्थ बहुधा ‘बुडालेली जागा’ असा देतात. बियारिका (‘श्रीमंत नगर’) हे मात्र स्पॅनिश नाव असून ते १५५२ मध्ये स्थापन झालेल्या, १६०२ मध्ये मापुचेंच्या वेढ्यात पडलेल्या आणि १८८३ मध्ये पुन्हा वसविलेल्या शहराचे आहे. त्याच नावाच्या ज्वालामुखीला मापुचे ‘रुकापियान’, म्हणजे पियान या शक्तीचे घर, म्हणतात.

ज्वालामुखी : नाझ्का भूपट्ट दक्षिण अमेरिकी भूपट्टाखाली सरकत असल्याने येथील ज्वालामुखींची माळ निर्माण झाली आहे. बियारिका (सु. २,८५० मी.) याच्या विवरात लाव्ह्याचे तळे असते, जगात असे ज्वालामुखी मोजकेच आहेत. त्याचा खरा धोका लाव्ह्यापेक्षा हिमाच्छादन वितळून येणाऱ्या चिखलप्रवाहांचा आहे; १९६४ मध्ये कोन्यारिपे गाव अशाच प्रवाहाने उद्ध्वस्त झाले. मार्च २०१५ मध्ये बियारिकाचा आणि त्याच वर्षी २२ एप्रिलला काल्बुकोचा उद्रेक झाला. काल्बुकोच्या राखेने एन्सेनादा येथील घरांची छपरे खचली. ओसोर्नो (२,६५२ मी.) आकाराने अत्यंत रेखीव असून १८६९ नंतर शांत आहे. जानेवारी १८३५ मध्ये चार्ल्स डार्विनने चिलोए बेटावरून त्याचा रात्रीचा उद्रेक पाहिला. त्याच रात्री दूरचा आकोंकाग्वा पर्वतही पेटल्याचे त्याला नंतर कळले व त्याने ते नोंदविले. पण आकोंकाग्वा हा जागृत ज्वालामुखी नाही, तेव्हा ही ऐकीव माहिती ग्राह्य धरता येत नाही.

२२ मे १९६० रोजीचा वाल्दिव्हियाचा भूकंप (तीव्रता ९.५) हा उपकरणांनी नोंदविलेल्या भूकंपांत सर्वांत मोठा आहे. त्यानंतर सु. ३८ तासांनी कोर्दोन काउये या पुयेवेलगतच्या ज्वालामुखी पट्ट्यात उद्रेक झाला. दरडी कोसळून रिन्यीवे सरोवराचे निर्गमद्वार बंद झाले व पाणी वीस मीटरांहून अधिक चढले; कामगारांनी बांध वरून खणून उंची कमी केल्याने जुलैमध्ये पाणी तुलनेने नियंत्रित रीतीने सुटले. १५७५ च्या भूकंपानंतर हेच घडले होते, आणि तेव्हा बांध आपोआप फुटून मोठी हानी झाली होती.

अरण्ये व उद्याने : चिलीतील पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणून व्हिसेंते पेरेस रोसालेस उद्यानाचा (१९२६) वारंवार उल्लेख होतो. काटेकोरपणे पाहता बेंहामिन व्हिकुन्या माकेन्ना हे उद्यान १९२५ मध्ये घोषित झाले होते, पण १९२९ मध्ये ते रद्द झाले. म्हणून पेरेस रोसालेस हे ‘विद्यमान उद्यानांपैकी सर्वांत जुने’ म्हणणे अधिक बरोबर. ज्याचे नाव उद्यानाला दिले, तो पेरेस रोसालेस १८५० च्या दशकात जर्मन वसाहतींचा सरकारी प्रतिनिधी होता आणि जमीन मोकळी करण्यासाठी त्याने यांकीवेलगतचे जंगल पेटवून दिले होते. आग तीन महिने चालल्याचे त्यानेच लिहून ठेवले आहे. बियारिका (१९४०), पुयेवे (१९४१), कोंगीयिओ (१९५०), वेर्केवे (१९६७) व आलेर्से आंदिनो (१९८२) ही अन्य उद्याने होत.

आलेर्से (फिट्झरोया कुप्रेसॉइडिस) या सूचिपर्णी वृक्षाचे लाकूड सरळ रेषेत फाटते व कुजत नाही. चिलोएत त्याच्या फळ्या चलन म्हणूनही वापरल्या जात. १९७६ पासून त्याची तोड निषिद्ध आहे. त्याच्या वयाबाबत वाद आहे. प्वेर्तो माँतच्या दक्षिणेस एका बुंध्यावर प्रत्यक्ष वृक्षवलये मोजून १९९३ मध्ये ३,६२२ वर्षे हे वय सिद्ध झाले. किनारी डोंगररांगेतील ‘ग्रान आबुएलो’ (थोरले आजोबा) या जिवंत वृक्षाचे वय २०२२ मध्ये सु. ५,४८४ वर्षे वर्तविण्यात आले. परंतु वलये मोजण्यासाठी खोडात घातलेले गिरमिट त्याच्या मध्यापर्यंत पोहोचत नसल्याने सु. २,४०० वलयेच मोजता आली आणि उरलेले वय संख्याशास्त्रीय प्रतिमानावरून काढले आहे. त्यामुळे हे अनुमान लक्षणीय असले, तरी पहिला आकडाच तूर्त प्रमाण मानणे इष्ट. उत्तरेकडील उंच भागात आराउकारिया वृक्ष आढळतो. त्याच्या बिया पेहुएंचे लोकांचे पारंपरिक अन्न आहे.

पर्यटन : डिसेंबर ते फेब्रुवारी हा मुख्य हंगाम आहे, पाऊस मात्र वर्षभर पडतो. प्वेर्तो व्हारास व पुकोन ही प्रमुख केंद्रे. तोदोस लोस सांतोसच्या काठाने रस्ता नाही. पेत्रोवे येथे तो संपतो आणि पुढे पेउयाला नावेनेच जावे लागते. तेथून बस व नावा आलटूनपालटून बदलत अर्जेंटिनातील बारिलोचेला पोहोचता येते. बियारिकाचे आरोहण पहाटे सुरू होते, त्यास बुटांना लावायचे लोखंडी काटे व बर्फकुऱ्हाड लागते, आणि भूगर्भ विभागाने इशाऱ्याची पातळी वाढविल्यास विवराभोवतीचा भाग बंद केला जातो. जानेवारीत ‘ताबानो’ नावाच्या मोठ्या चावऱ्या माश्या सरोवरकाठी घोंगावतात. त्या गडद रंगाकडे आकृष्ट होतात, म्हणून तेथील लोक त्या दिवसांत फिक्या रंगाचे कपडे घालण्यास सांगतात.