वकील आमदाराची सनद : एका निकालाची पार्श्वभूमी

वकिलीतून राजकारणात आलेला आमदार महाराष्ट्राला नवा नाही. १९३७ च्या निवडणुकीनंतर मुंबई प्रांतात जे काँग्रेस मंत्रिमंडळ आले त्याचे प्रमुख पेशाने सॉलिसिटर होते, आणि १९६० मध्ये राज्य स्थापन झाले तेव्हा मुख्यमंत्रिपदी आलेल्या नेत्याने कऱ्हाडला वकिली केलेली होती. जमिनीचे, कुळांचे तंटे न्यायालयात चालवलेला माणूस विधेयकातील एखाद्या पोटकलमाचे परिणाम लवकर ओळखतो, आणि सभागृहाला त्याचा लाभ होतो. वाद आहे तो निवडून आल्यानंतर त्याच्या सनदेचे, म्हणजे वकिली करण्याच्या परवान्याचे, काय व्हावे, याचा.

या वादाचे मूळ वकिलांच्या नियामक संस्थेच्या नियम ४९ मध्ये आहे. वकिली करणाऱ्याने कोणत्याही व्यक्तीचा, सरकारचा किंवा संस्थेचा पूर्णवेळ पगारदार नोकर असू नये, असे हा नियम सांगतो. १९९६ मध्ये एका शल्यचिकित्सकाला, डॉक्टरकी सोडल्याशिवाय सनद मिळणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते, कारण वकिली हा पूर्ण लक्ष मागणारा व्यवसाय आहे. मग वेतन, भत्ते आणि निवृत्तिवेतन घेणाऱ्या आमदाराला वेगळा न्याय का, असा प्रश्न पुढे एका याचिकेतून उपस्थित झाला आणि तो गैरलागू म्हणता येण्यासारखा नव्हता.

२५ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने ही याचिका फेटाळली. आमदाराचे वेतन राज्यघटनेच्या अनुच्छेद १९५ खाली कायद्याने ठरते. परंतु त्याला नेमणारा किंवा काढणारा कोणी मालक नसतो, म्हणून वेतन मिळते एवढ्यावरून तो नोकर होत नाही, आणि स्पष्ट मनाई करणारा नियम नसताना सनद रोखता येत नाही, असा या निकालाचा आशय आहे. ‘लोकसेवक’ आणि ‘नोकर’ या दोन संज्ञांची गुंतागुंत येथेच आहे. १९८४ मध्ये, महाराष्ट्राच्या एका माजी मुख्यमंत्र्यांच्या खटल्यात, आमदार हा भारतीय दंड संहितेच्या कलम २१ नुसार लोकसेवक नाही, असे ठरले होते. त्याला वेतन मिळत असले तरी ते शासनाच्या, म्हणजे कार्यकारी सत्तेच्या, चाकरीचे नाही, असा तो तर्क होता. पुढे १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याने व्याख्या रुंदावली आणि १९९८ मध्ये संसद सदस्य त्या कायद्यापुरते लोकसेवक ठरले. म्हणजे लाचेच्या प्रकरणात लोकसेवक असणारा प्रतिनिधी सनदेच्या प्रश्नात कोणाचाच नोकर नसतो. कायद्याच्या भाषेत यात विसंगती नाही, कारण प्रत्येक कायद्याचा हेतू निराळा आहे. तरीही मतदाराला हे पटवून देणे कठीण आहे.

निकालाने नोकरीचा प्रश्न सोडवला, हितसंबंधांचा मात्र उरलाच, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते तोच अधिक गंभीर आहे. सकाळी एखाद्या कंपनीची बाजू मांडणाऱ्या वकिलाने दुपारी त्याच उद्योगासंबंधीच्या विधेयकावर मत द्यावे का, याचे उत्तर नियम ४९ मध्ये शोधणे व्यर्थ आहे. राज्यसभेत सदस्यांचे हितसंबंध नोंदवण्याची व्यवस्था आहे आणि तीत व्यावसायिक कामाचाही समावेश होतो. राज्यांच्या विधिमंडळांत अशी नोंद तितक्याच काटेकोरपणे व्हायला हवी.

शासनाचेच वकीलपत्र घेतल्यास मुद्दा बदलतो आणि अनुच्छेद १९१ मधील ‘लाभाचे पद’, म्हणजे आमदाराला अपात्र ठरवणारे शासनाखालील लाभाचे पद, आड येते. राजस्थानात १९६७ मध्ये निवडून आलेल्या एका महिला आमदाराची निवड, त्या विशेष सरकारी वकील असल्याच्या कारणावरून, उच्च न्यायालयाने रद्द केली होती. अपील प्रलंबित असतानाच राज्याने पूर्वलक्षी कायदा करून अपात्रता दूर केली, आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवड कायम ठेवताना तो कायदाही वैध ठरवला. २०१८ चा निकाल या अनुच्छेदाला हात लावत नाही. सरकारी काम स्वीकारताना आमदाराला तो आजही तपासावाच लागतो.